एका कपाटाच्या दोन पाट्या

चामराजपेट, बेंगळूर
शुक्रवार, २ ऑक्टोबर १९९८

ती. स्व. चंदूमामांना त्रिविक्रमचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग या वेळी शब्दशः घ्यावं. काल दुपारपासून मी स्वयंपाकघराबाहेरच्या फरशीवर पालथा पडून आहे आणि हे पत्रही तसंच लिहितो आहे, म्हणून अक्षर असं. आईला वाटतं माझी कंबर धरली आहे. वाटू दे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं ब्लडप्रेशर कसं आहे? माझं विचारू नका, मोजायला गेलो तर यंत्र फुटेल. पाकिटात दसऱ्याच्या सोन्याची चार पानं ठेवली आहेत. इथे आपटा मिळत नाही, बन्नीची म्हणजे शमीची आहेत, चालवून घ्या. सोनं देताना सोन्यासारखं राहा असं म्हणायची रीत आहे, पण यंदा माझ्या तोंडून ते निघत नाही. ज्या शहरात आप्पाजी नावाचा मनुष्य ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणून पगार घेतो, त्या शहरात कोणी सोन्यासारखं राहू शकत नाही.

तुमच्या घरी आलेलं कुठलंही पत्र मामी आधी फोडतात, मोठ्यांदा वाचतात, आणि कॉम्प्युटरचा शब्द आला की थांबून तुम्हाला अर्थ विचारतात हे मला माहीत आहे. तुम्ही मुद्दाम चुकीचा अर्थ सांगता हेही माहीत आहे. (मे महिन्यात मामी मला मोडेम म्हणजे उंदीर पकडायचं काहीतरी असतं असं समजावत होत्या.) म्हणून या पत्रातले कंस मामींसाठी आहेत. बाकीचं पत्र तुमच्यासाठी आहे, आणि ते तुम्ही शेवटपर्यंत वाचाल अशी आशा आहे, जरी तुम्ही माझं ऐकत नाही. माझं कोणीच ऐकत नाही. ऑफिसात कोणी ऐकत नाही, घरी आई ऐकत नाही, आणि तुमचं तर काय सांगावं. तुमच्या मशीनवर पंचाण्णव सालापासूनच्या जुन्या आवृत्त्या, मोडक्या, अर्धवट उतरलेल्या, सगळ्या जपून ठेवलेल्या. मी मे महिन्यात तीन दिवस तुमच्याशी भांडलो की मामा, मिरर करायचा तर नीट करा, माझ्याकडून जे गेलं ते तुमच्याकडूनही जाऊ दे, डिलीट चालू करा, हा भंगारचा धंदा बंद करा. तुम्ही हो रे, हो रे म्हणत शेंगा सोलत बसलात. शेवटी जुलैच्या पत्रात एका ओळीत लिहिलंत की केलं. एवढी एक ओळ मिळवायला मला तीन पत्रं आणि एक प्रवास लागला.

(मामी, मिरर म्हणजे आरसा नव्हे. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवायची फुकट मिळणारी प्रणाली. तिचं सगळं सामान परदेशात एका मोठ्या कोठारात असतं, हजारो पुड्या, त्यांना पॅकेज म्हणतात. ज्याला त्याला लागेल तेव्हा थेट परदेशातून आणायचं म्हटलं तर आपल्या देशातल्या तारा पुरणार नाहीत. म्हणून त्या कोठाराची हुबेहूब नक्कल मी इथे बेंगळुरात ठेवतो. तिकडे नवी पुडी आली की इकडे आणायची, तिकडची काढली की इकडची काढायची. तुमचे यजमान माझ्या नकलेची नक्कल पुण्यात आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये ठेवतात. यात उंदीर कुठेही नाही.)

आता ही नक्कल कशी जमवली ते तुम्हाला माहीत आहे, पण मी पुन्हा सांगणार आहे, कारण मला राग आला आहे. आमच्या संस्थेची बाहेर जाणारी लाइन एक, ती पण बारीक. सोमवार ते शुक्रवार तिच्यावर सगळे साहेब लोक आपल्या अमेरिकेतल्या मुलांना पत्रं पाठवतात, त्यामुळे मला मिळायचे शनिवार आणि रविवार. अकरा आठवडे मी सुटीच्या दिवशी ऑफिसात जाऊन बसलो. के. आर. पुरमकडे कोणी रस्ता खणला की आमची लाइन जाते. का जाते ते टेलिफोनवाल्यांनाही माहीत नाही, पण जाते. मग अर्धी आलेली पुडी टाकून पुन्हा पहिल्यापासून. अकरा आठवड्यांत दोन गिगाबाइट. लोक एवढ्या वेळात लग्न जमवून मोकळे होतात. (आईचं म्हणणं हेच आहे. शनिवार-रविवारी मुली बघायला जायचं असतं, हा मेला तारेतून पुड्या ओढत बसतो.) आणि याची दुसरी नक्कल टेपवर काढून ठेवू द्या म्हणून मी तीन वेळा मागणीपत्र दिलं. तिन्ही वेळा आप्पाजींनी त्यावर शेरा मारला की मिरर हीच नक्कल आहे, नकलेच्या नकलेस मंजुरी नाही. माझ्याजवळ ते तिन्ही कागद आहेत. मी ते फ्रेम करून लावणार आहे.

येत्या सोमवारी अकरा वाजता आमच्याकडे कॉलेजच्या मास्तरांचं शिबिर आहे. चाळीस जण येणार, हुबळीहून, मंगळूरहून, गुलबर्ग्याहून, प्रत्येक जण आपली रिकामी हार्डडिस्क घेऊन, आणि माझ्या कोठारातून ती भरून परत जाणार. बीदरहून विठोजी सर येताहेत. यांना मी कधी पाहिलेलं नाही. यांची सहा पोस्टकार्डं माझ्याकडे आहेत. त्यांच्या कॉलेजात अकरा कॉम्प्युटर येऊन पडले आहेत आणि त्यात घालायला काही नाही, कारण विकतचं परवडत नाही आणि बीदरला तार पोचत नाही. मुलं रोज येऊन यंत्रांवरची धूळ पुसून जातात असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटच्या कार्डात विचारलं आहे की हार्डडिस्क लेकीच्या स्वेटरमध्ये गुंडाळून आणली तर एसटीच्या हिसक्यांनी बिघडणार नाही ना. मी उलट टपाली लिहिलं की बिनधास्त आणा, सामान तयार आहे. हे मी लिहिलं मामा, माझ्या सहीनं. आणि माझी नोकरी चार वर्षं तात्पुरती आहे हे तर तुम्ही जाणताच. कायम करायची फाइल श्यामला मॅडमच्या टेबलावर आहे (या आमच्या विभागप्रमुख, बाई चांगल्या आहेत, फक्त समोर येईल त्यावर सही करतात). शिबिर नीट झालं तर सही, नाही तर ऑक्टोबरअखेर नारळ.

आता आप्पाजी. राजाजीनगरात राहतात, कपाळाला गंध, खिशात लाल पेन्सिल, आणि सव्वीस वर्षांत ऑफिसातली एक टाचणी त्यांनी हरवू दिलेली नाही. त्यांचा वर्षाचा सण म्हणजे आयुधपूजा. आपल्याकडे खंडेनवमीला आई माळ्यावरून ती पणजोबांची तलवार काढते, चिंचेनं घासते, पातीला लिंबू खोचते आणि परत माळ्यावर ठेवते, झालं. इथे तसं नाही. इथे रिक्षा, बस, लेथ मशीन, शिवणयंत्र, गिरणी, सगळं धुऊन पुसून, गंध-फूल वाहून त्या दिवशी बंद ठेवतात. आमच्या ऑफिसात सुटीच्या आदल्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, हा सोहळा असतो आणि त्याच्याआधी आप्पाजींची साफसफाई. दर वर्षी ते एक परिपत्रक काढतात की प्रत्येक विभागानं जुनं, निरुपयोगी व डुप्लिकेट सामान काढून टाकावं. दर वर्षी हे कपाटं आणि फायलींपुरतं असतं. यंदा कोणी तरी त्यांना सांगितलं (कोणी ते मी शोधून काढणार आहे) की कॉम्प्युटरच्या आतही सामान असतं. झालं. यंत्र बाहेरून धुतलं आणि आत घाण राहिली तर देवीला कशी चालेल? परिपत्रकात एक ओळ वाढली. श्यामला मॅडमनी सही केली.

मला हुकूम आला की आत काय आहे त्याची यादी छापून द्या. मी समजावून सांगितलं की यादी देऊन काही कळणार नाही. माझं कोण ऐकतो? त्या करकर वाजणाऱ्या प्रिंटरवर दीड दिवस यादी छापली, ती गठ्ठा बांधून दोन शिपायांनी उचलून नेली. आणि मामा, त्या माणसानं ती वाचली. संबंध वाचली. चष्मा पुसत, लाल पेन्सिलीनं. कुठल्याही साहेबानं माझं एक पानी टिपण आजवर पुरं वाचलेलं नाही, आणि यांनी हजारो पुड्यांची नावं अक्षर न् अक्षर वाचून काढली. एकाच नावाची पुडी तीन ठिकाणी दिसली की दोनवर काट. ती तीन वेगवेगळ्या जातींच्या यंत्रांसाठी असते, हे माझ्याकडून तीन वेळा ऐकून घेतलं आणि मग म्हणाले की आपल्याकडे एकच जात आहे. काढल्या. मी चडफडलो, पण त्यानं बीदरचं काही अडत नव्हतं, म्हणून सोडून दिलं. माझं चुकलं. पहिल्या रेघेलाच त्या गठ्ठ्यावर आडवं पडायला हवं होतं.

मुख्य घात पुढे आहे. आमच्या कोठारात मोठं कपाट एकच, त्याचं नाव दोन-शून्य, कारण आवृत्तीचा आकडा तो. आणि 'स्टेबल' म्हणून दुसरी एक पाटी आहे. ती नुसती पाटी. तिच्यामागे कपाट नाही, ती फक्त दोन-शून्यकडे बोट दाखवते, म्हणजे आकडा बदलला तरी येणाऱ्याला स्टेबल म्हणून सामान मिळावं. (मामी, घरी मला सगळे तम्मा म्हणतात आणि रेशनकार्डावर मी त्रिविक्रम आहे. माणूस एकच. उद्या रेशनच्या इन्स्पेक्टरनं म्हटलं की या घरात एका वयाची, एका उंचीची दोन माणसं दिसतात, त्रिविक्रम रद्द करा, तम्मा राहू दे, तर जेवायला कोण बसेल? पण तम्मा हे नाव मात्र घरात राहील. आई हाका मारत राहील.) यादी छापताना दोन्ही नावांखाली तेच सामान दोनदा छापलं गेलं. आप्पाजींनी दोन्हींची ओळ न् ओळ ताडून पाहिली, सारखी निघाली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चोर पकडल्यासारखं तेज आलं. माझ्यासमोर गठ्ठा आणून विचारलं, “एरडू ओंदे ताने?” म्हणजे दोन्ही एकच ना? आणि मग त्यांनी विचार केला. स्टेबल म्हणजे भक्कम, चांगला शब्द. दोन-शून्य, यात शून्य आहे, सणाच्या दिवशी अशुभ. भक्कम ठेवलं, शून्य काढलं गेलं. सोमवारी पावणेपाचला. अकरा आठवडे मी जे जमवलं ते चहा निवायच्या आत गेलं, आणि मागे काय राहिलं तर स्टेबलची पाटी, जी रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवत उभी आहे.

याचा पत्ता मला तेव्हा लागला नाही, कारण पाचला यंत्र बंद केलं. दुसऱ्या दिवशी पूजा. ती मी दात खाऊन पाहिली. सर्व्हरच्या खोलीला केळीचे खांब, झेंडूच्या माळा (एक माळ सरळ पंख्याच्या जाळीवर, जिथून यंत्र श्वास घेतं), मॉनिटरच्या काचेला गंधाची तीन बोटं, कीबोर्डवर हळदीकुंकू. ते कुंकू आता वर्षभर निघत नाही, माझ्या यंत्राचं एफ अक्षर गेल्या दसऱ्यापासून चिकटतं. मग दारात कोहळा आणला, त्याला भोक पाडून आत कुंकू भरलं, वर कापूर लावून खोलीला ओवाळला आणि आपटला. तो फुटला तो थेट यूपीएसच्या दिशेनं. मी ओरडलो. सगळ्यांना वाटलं मी देवीचा जयजयकार केला, म्हणून तेही ओरडले. नंतर कडलेपुरी म्हणजे चुरमुरे-फुटाणे वाटले, आप्पाजींनी माझ्या हातावर आपल्या हातानं दोन मुठी घातल्या आणि म्हणाले की तुमचं मशीन आता आतून बाहेरून स्वच्छ आहे. मी ती कडलेपुरी खाल्ली. ते आठवलं की आत्ता या क्षणी माझे कान तापतात.

काल दसरा. पूजेनंतर हत्यार दसऱ्याच्या मुहूर्तावर पुन्हा हाती घ्यायचं, म्हणून सकाळी नवा शर्ट घालून ऑफिसात गेलो, सर्व्हर चालू केला, नमस्कार केला, आणि सोमवारची तयारी म्हणून कोठार उघडलं. मामा, मला वाटलं मी दुसऱ्या कोणाचं मशीन उघडलं. मी तीनदा बाहेर जाऊन आत आलो. मग यादीचा गठ्ठा आणून पाहिला, तो लाल काट पाहिला, आणि मी जे ओरडलो ते या पत्रात लिहिण्यासारखं नाही. नेमके आप्पाजी तिथेच होते, घरच्या पूजेचा प्रसाद रखवालदाराला द्यायला आले होते. माझं भांडण दोन भाषांत झालं, त्या कमी पडल्या म्हणून इंग्रजीही घेतली. ते शांत. ते म्हणाले की स्टेबल आहे ना? ही बघा, पाटी आहे. मी म्हणालो पाटीच आहे. ते म्हणाले मग तेच तर म्हणतोय. यावर मी खुर्चीला लाथ मारली (माझं बोट सुजलं आहे, खुर्ची ठीक आहे). सणाच्या दिवशी सरकारी खुर्चीचा अपमान झाला म्हणून त्यांनी मला खोलीबाहेर काढलं, दाराला कुलूप घातलं, कुलपावर कापड बांधून लाख ओतली, तिच्यावर शिक्का मारला, आणि किल्ली जानव्याला अडकवून कुणिगलजवळच्या आपल्या गावी निघून गेले. सोमवारी साडेदहाला येतील. मी श्यामला मॅडमना घरी जाऊन गाठलं. त्यांच्याकडे पाहुणे होते. सगळं ऐकून घेतलं, कॉफी दिली आणि म्हणाल्या, “स्वल्प अडजस्ट माडी, त्रिविक्रम.” म्हणजे जरा जमवून घ्या. काय अडजस्ट करू? विठोजी सरांच्या स्वेटरमध्ये पाटी गुंडाळून देऊ?

मामा, लोक मला तापट म्हणतात. असेन. पण मला नोकरी जाण्याचा एवढा राग नाही. मला राग याचा आहे की तो मास्तर एसटीत चौदा तास मांडीवर डिस्क धरून बसणार, माझ्या शब्दावर, आणि त्याला मी दारातून परत पाठवणार. तिकडे मुलं धूळ पुसत बसली असतील. हे मला सहन होत नाही. काल दुपारपासून मी या एका गोष्टीवर पालथा आहे.

असो. आईनं तुम्हाला आशीर्वाद आणि मामींना मेतकूट पाठवलं आहे. गुडघ्याला तेल लावत जा. थोरांना नमस्कार, आणि तुमच्या कॉलेजात आप्पाजीसारखा कोणी असेल तर त्याला माझ्यातर्फे काहीही सांगू नका, ते मी स्वतः येऊन सांगेन.

आपला,
त्रिविक्रम (रद्द)

ता. क. एक काम होतं. तुमच्याकडची नक्कल आता भारतात माझ्या माहितीत एकमेव आहे. गेल्या शनिवारी तुम्ही माझ्याकडून सगळं घेतलं होतं, तेव्हा ती पुरी असणार. तुमची ती डिस्क काढून मला पाठवा. हे पत्र आमच्या ऑफिसातली सिद्धी घेऊन येते आहे. मुलगी पुण्याची आहे, आज संध्याकाळच्या बसनं निघून उद्या, शनिवारी, अकराच्या सुमारास तुमच्या क्वार्टरवर पोचेल. रविवारी ती परत निघेल, सोमवारी सकाळी नवाला इथे. डिस्क तिच्याजवळ द्या, लोकरीत गुंडाळून. विठोजी सरांची पद्धत बरी आहे. तिला आधी चहा द्या.

ता. क. २. वर मी 'काढलं गेलं' असं लिहिलं आहे. कोणी काढलं, असं मामींनी एव्हाना विचारलंच असेल. आप्पाजींना कीबोर्ड कुठून धरायचा ते माहीत नाही. दोन्ही एकच ना असं त्यांनी विचारलं तेव्हा पावणेपाच झाले होते, मी दीड दिवस त्यांच्या त्या पेन्सिलीला विटलो होतो, आणि मी तोऱ्यात सांगितलं की हौदु, ओंदे, हो, एकच, एवढंही कळत नाही का. त्यांनी कागदावर सही मागितली, मी दिली. मग यादीप्रमाणे हुकूम टाइप केला तो मी. रागात, न बघता. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. आप्पाजींना उद्या ना परवा ती सही आठवेलच.

ता. क. ३. मामी!! पाकीट चिकटवता चिकटवता लक्षात आलं. मामांचं मशीन दर शनिवारी दुपारी बारा वाजता आपण होऊन माझ्या मशीनकडे येतं आणि माझ्याकडे जे नाही ते स्वतःकडून काढून टाकतं. माझ्याकडे आता काहीच नाही. आणि माझं मशीन मी काल दसऱ्याच्या मुहूर्तावर चालू करून ठेवलं आहे, ते लाखेच्या शिक्क्यामागे दिवा लावून बसलं आहे, बंद करायला मी आत जाऊ शकत नाही. तुम्ही हे मोठ्यांदा वाचत इथपर्यंत आला असाल तर घड्याळ बघा. मामा शनिवारी सकाळी ब्रिज खेळायला जातात, त्यांची वाट पाहू नका. मागच्या दाराच्या खिळ्याला लॅबची किल्ली आहे. सरळ जा, भिंतीपाशी काळी डबी आहे, दिवे लुकलुकतात, तिच्यातून टेलिफोनची वायर बाहेर जाते, ती उपटा. तीच मोडेम. उंदीर नाही, घाबरू नका.

ता. क. ४. हेच आज सकाळी ध्यानात आलं असतं तर तार आजच मामांच्या हाती पडली असती. तुमच्या घरी फोन नाही, म्हणून आत्ता केलीच आहे, पण आई म्हणते तुझी मामी तार आली की फोडत नाही, वाईट बातमी असेल म्हणून मामा घरी येईपर्यंत देवापुढे ठेवते. माझ्या धाकट्या बहिणीच्या, चंदनाच्या, बारशाची तार चार दिवस देवापुढे होती म्हणे. सिद्धीला सांगितलं आहे की पत्र हातात देताना शेवटून वाचायला सांग, पण ती म्हणते बस कधी कधी साडेबाराला पोचते. म्हणजे कदाचित तुम्ही हे वाचाल तोवर तिकडेही फक्त पाटी उरलेली असेल.

आता एकच आशा आहे, मामा. जुलैत तुम्ही एका ओळीत लिहिलं होतंत की डिलीट चालू केलं. मी तुम्हाला जन्मापासून ओळखतो. तुम्ही आजवर रद्दीवाल्याला एक वर्तमानपत्र दिलेलं नाही. तुम्ही माझं तोंड बंद करायला नुसतं 'केलं' असं लिहून टाकलं असेल, आणि ते भंगार अजून तिथंच असेल, असं मला आत्ता फार वाटतं आहे. माझं कोणी ऐकत नाही अशी मी वर पानोपानी तक्रार केली आहे. ती तुमच्यापुरती मागे घेतो. तुम्ही माझं ऐकलेलं नसू दे.